दादांसाठी बिनतेलाचं बेकन

आधी हातातला चहा संपवा. तो तोंडात असताना हे ऐकू नका, कारण तुम्ही हसणार, चहा अंगावर सांडणार, आणि तुम्ही हसलात की माझं डोकं फिरणार. माझं डोकं लवकर फिरतं. देवासात आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा.

फजिती झाली ती माझी. माझ्याच हाताने, भरदिवसा, सख्ख्या थोरल्या भावासमोर. आणि त्या एका जेवणापायी मी कुणाकुणावर म्हणून ओरडलो नाही! मुलीवर ओरडलो, बायकोवर ओरडलो, एका बिचाऱ्या टेलिफोनवरच्या पोरीवर ओरडलो, वहिनीसाहेबांच्या हातातून पाण्याचा ग्लास काढून घेतला. होय, ग्लास! काढून घेतला! सांगतो ना, दम धरा.

आमचं घराणं मूळचं धारचं. आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्यावर होते, म्हणजे राजवाड्याचं स्वयंपाकघर त्यांच्या नजरेखाली चालायचं. संस्थान गेलं, मुदपाकखाना गेला, पण आमच्या अंगातून तो काही गेला नाही. आमच्यात मटण पुरुष करतात. तेही घरातल्या ओट्यावर नाही, मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यांत. आणि शिजवताना चाखायचं नाही! वासावरून कळलं पाहिजे. आमचे वडील, आबा, म्हणायचे, "ज्याला चाखून बघावं लागतं त्याने भजी तळत बसावं." मीही आजवर कधी चाखलेलं नाही.

पानावरची शिस्तही तशीच. पहिला घास घरातल्या थोरल्याचा. वाढलेलं मुकाट्याने संपवायचं, पानावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत. आणि ज्याने शिजवलं तो सगळ्यांना वाढून शेवटी जेवणार. ही शिस्त नीट लक्षात ठेवा, कारण तिनेच माझा घात केला.

धारच्या घरी दसऱ्याला भाऊबंद जमतात, पन्नास-साठ पानं उठतात. बोकडाची देग, म्हणजे भलंमोठं पातेलं, लागते. आबा गेल्यापासून वीस वर्षं ती देग मी करत होतो. मी! सुट्टी काढून, आदल्या दिवशी देवासहून जाऊन, धारच्या बाजारातून बोकड स्वतः पारखून आणून. आणि तीन वर्षांपूर्वी काय झालं? दसऱ्याच्या सकाळी अंगणात पाऊल टाकतो तर देगेपाशी कोण एक परका माणूस बनियन घालून उभा! दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, धामनोदच्या कुठल्याशा ढाब्यावरचा आचारी बोलावला होता. मला न विचारता!

"बापू, तुझे गुडघे दुखतात," दादा म्हणाले. "धुरात कशाला बसतोस? आता आराम कर."

गुडघे? देग काय मी गुडघ्यांनी ढवळतो? साठ माणसांसमोर माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि वर आराम कर! मी ती पळी उचलली, गाडीच्या डिकीत टाकली आणि आरती व्हायच्या आत देवासच्या रस्त्याला लागलो. तेव्हापासून अबोला. तीन दसरे मी धारला गेलो नाही, दादांचा फोन उचलला नाही. सुमन, म्हणजे आमची बायको, आणि वहिनीसाहेब आपसात बोलायच्या, तेवढंच काय ते येणं-जाणं.

अशात वहिनीसाहेबांचा सुमनला फोन आला. दादांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे इंदूरला दाखवायचं आहे, आणि ते म्हणतायत, रविवारी दुपारी जेवायला बापूकडे देवासला जाऊ.

सुमनने मला सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो. पण ओळ एकही डोक्यात शिरेना. दादा बहात्तर वर्षांचे. ते आपण होऊन माझ्या दारात येणार!

मला काय हवं होतं ते तुमच्यापासून कशाला लपवू? दादांनी माझ्या हातचं खावं आणि म्हणावं, "बापू, दसऱ्याची देग तूच लाव." बस्स. एवढ्या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं दात-ओठ खात होतो.

"पण वहिनीसाहेबांनी एक सांगितलंय," सुमन म्हणाली. "डॉक्टरांनी दादांचं तेल बंद केलंय. एक थेंबसुद्धा चालणार नाही."

घ्या! बिनतेलाचं मटण! डॉक्टर लोकांना काय जातं सांगायला? तेलाशिवाय रस्सा कसा सुटेल, तवंग कुठून येईल, याचा विचार कुठल्या पुस्तकात आहे त्यांच्या? दोन दिवस मी त्या डॉक्टरला, ज्याला कधी पाहिलं नाही, घरभर फिरत शिव्या घातल्या.

आणि मग मला फ्रायर दिसला.

आमची मृणाल बेंगळुरूला नोकरी करते. तिने दिवाळीत आईला एअर फ्रायर आणून दिला होता. काळा गुळगुळीत डबा. वर तापणारी तार, तिच्या डोक्यावर पंखा, आणि त्या गरम वाऱ्यावर म्हणे पदार्थ कुरकुरीत होतो. तेल नाही, फोडणी नाही, काही नाही. सुमन त्यात एकादशीची साबुदाण्याची टिक्की करते. मी त्या डब्याकडे आजवर तुच्छतेनेच बघत आलो होतो. पण मृणाल मागच्या महिन्यात आली तेव्हा बर्फाच्या पिशवीतून बेकनची दोन पाकिटंही घेऊन आली होती. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या. तिला तिकडे नाश्त्याला लागतात. एक दिवस खाऊ म्हणाली, राहून गेलं, पाकिटं फ्रीजरमध्ये पडून होती.

आता योग बघा. दादा लहानपणी आबांबरोबर शिकारीला गेले होते. त्या रानडुकराच्या मांसाची चव ते अजून सांगतात. साठ वर्षं झाली, तरी सांगताना डोळे मिटतात. आणि इकडे माझ्या फ्रीजमध्ये डुक्कर, ओट्यावर बिनतेलाचं यंत्र! देवासच्या टेकडीवरच्या मातेनेच जुळवून आणलं, असं मला वाटलं. मी तिकडे तोंड करून हातसुद्धा जोडले.

मृणालला फोन लावला.

"बाबा, सोप्पं आहे," ती म्हणाली. "पाकीट फोडायचं, पट्ट्या एका थरात ठेवायच्या, दोनशे डिग्री, आठ-दहा मिनिटं. बाकी काही करायचं नाही."

"काही करायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे काही म्हणजे काहीच नाही. धुवायचं नाही, मसाला नाही. त्याला आधीच..."

माझं टाळकं सरकलं. काही करायचं नाही? मग मी कशाला आहे? दादा धारहून येणार, तीन वर्षांचा अबोला मोडणार, आणि मी पाकीट फोडून बटण दाबणार? हे तर शाळेतलं पोरही करेल!

"मृणाल, मी साठ माणसांची देग करतो. मला मटण शिकवू नको."

"बाबा, ऐकून तर घ्या, त्यात आधीच..."

फोन ठेवला. पुन्हा तिचा आला, कापला. आजकालच्या पोरांना वाटतं, बापाला काही येत नाही.

रविवारी सकाळी आठलाच मी कामाला लागलो. पहिल्यांदा एक पाकीट फोडून मांस तीन पाण्यांनी खसखसून धुतलं. कोण जाणे कुठल्या कारखान्यातून आलेलं! मग हळद आणि मीठ. हळद-मीठ चोळल्याशिवाय आमच्यात मटण भांड्यात जात नाही, हा आजोबांपासूनचा दंडक. आणि डुक्कर असलं तर मीठ सढळ हाताने, ही आबांची शिकवण. मी चांगली मूठभर घातली. पट्ट्या पातळ, त्यामुळे प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी, प्रेमाने. त्यावर आलं-लसणाचं वाटण. आणि दोन तास झाकून ठेवलं मुरायला.

"अहो, मृणाल काही करू नका म्हणाली होती ना?" सुमन.

"मृणाल कॉम्प्युटर चालवते. देग कोण चालवतं?"

"आणि हे माझ्या ओट्यावर करायचं नाही. त्या फ्रायरमध्ये मी एकादशीची टिक्की करते, कळतंय का? आता तो गेलाच म्हणायचा. मला नवीन आणून द्या."

आणून देईन! दहा आणून देईन! मी तो डबा उचलला आणि मागच्या अंगणात गेलो. वॉशिंग मशीनशेजारी एक स्टूल होतं, त्यावर मांडला. वायर पोचेना. एक्सटेन्शन बोर्ड आणला, त्याची पिन ढिली. कागद कोंबून बसवली. तोवर घामाने शर्ट भिजला होता, आणि सुमन खिडकीतून बघत होती. बोलत नव्हती काही, पण तिचं ते न बोलणं मला बरोबर ऐकू येतं.

पहिल्या खेपेला मी सगळ्या पट्ट्या एकदम आत टाकल्या. एका थरात म्हणे! एक-एक थर करत बसलो तर दादा रात्रीचे जेवतील. दहा मिनिटांनी डबा ओढला. वरच्या दोन पट्ट्या कोळसा, आणि खाली सगळा पिवळा गिचका! वाफवलेल्या अळूच्या पानांसारखं लोळत होतं. मी तो डबा स्टुलावर असा आपटला की पलीकडच्या झाडावरची कबुतरं उडाली.

एक पाकीट वाया गेलं. दुसरं फोडलं. तेही धुतलं, तेही चोळलं, पण मुरायला आता दोन तास कुठले? मग काय करायचं? मुरायला वेळ नाही तर मीठ थोडं वाढवायचं. साधं गणित. मी वाढवलं.

या वेळी पट्ट्या एका थरात लावल्या. म्हणजे मृणालचं एक ऐकलं मी, नाही असं नाही. बटण दाबलं. पाच मिनिटं बरी गेली. आणि मग धूर! निळसर, दाट, नाकात झोंबणारा. चरबी वितळून खाली गळत होती आणि जळत होती, पण ते तेव्हा कुणाला माहीत? मला वाटलं यंत्रच पेटलं.

कंपाउंडच्या भिंतीवरून तिवारीजींचं डोकं वर आलं. आमचे शेजारी. भला माणूस, पण कट्टर शाकाहारी, अंड्याचं नाव काढलं तरी हात धुतो.

"क्या हो रिया है भिया? आग-वाग तो नी लगी?"

"नहीं नहीं, कुछ नहीं. आलू बना रिया हूँ. आलू!"

"आलू? इत्ता धुआँ?"

"नई मशीन है, भिया. कंपनी ने कबाड़ा भेज दिया!"

ते हलेनात. भिंतीवर कोपर टेकवून उभेच राहिले. आता त्यांच्यासमोरच मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. का नाही लावणार? माल खराब द्यायचा आणि लपून बसायचं?

"नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?" एक पोरगी बोलली. गोड आवाज. अशा गोड आवाजाचा मला जास्त राग येतो.

"सहायता? मॅडम, आपकी मशीन धुआँ फेंक रही है धुआँ! घर में मेहमान आ रहे हैं!"

"सर, आपने उसमें क्या रखा है?"

मी तिवारीजींकडे बघितलं. तिवारीजींनी माझ्याकडे बघितलं.

"आलू," मी म्हणालो.

"सर, आलू से तो धुआँ नहीं आना चाहिए. कोई चर्बी वाली चीज़ तो नहीं है?"

"मैंने बोला ना आलू! आप मुझे झूठा बोल रही हो? यह मालवा का आलू है, मॅडम, आपने देखा नहीं होगा!"

"सॉरी सर. आलू है तो आप फ्रेंच फ्राइज़ वाला बटन दबाइए. अठारह मिनट. बीच में एक बार हिला दीजिए."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? बेकनला आठ मिनिटं लागतात, पाच होऊन गेलेली. अक्कल शाबूत असलेला माणूस फोन ठेवून तीन मिनिटांनी डबा उघडेल. पण मी रागात होतो! आणि मॅडमने अठारह म्हटलं तर अठारह! उद्या मशीन बिघडली तर तिच्याच गळ्यात मारता येईल. मी बटाट्याचं बटण दाबलं आणि छाती पुढे काढून उभा राहिलो.

"भिया, बन जाए तो दो-चार आलू इधर भी," तिवारीजी म्हणाले.

"जल गए!" मी ओरडलो. "सब जल गए! आप अंदर जाओ!"

बिचारे गेले.

आणि काय सांगू, अठरा मिनिटांनी डबा ओढला तर आत तांबूस, तकतकीत, कडक पट्ट्या! हातात घेतली की कट्‌कन मोडणारी. धूरही बसला होता. वास असा, की आजोबांच्या मुदपाकखान्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. मी वास घेतला, डोळे मिटले, आणि निकाल दिला, जमलं. चाखलं का? नाही! आम्ही चाखत नाही!

दादा-वहिनीसाहेब साडेबाराला आले. दादा थकले होते, काठी हातात होती. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला. नुसतं, "गाडी कशी होती?" "बरी होती." तीन वर्षांनंतर एवढंच. डोळे कुणाला दिसू नयेत, म्हणून मी वळून सुमनवर ओरडलो, की पाट का नाही मांडले अजून.

पानं वाढली. वरण-भात, भाजी, पोळी, कोशिंबीर, सगळं सुमनचं. आणि मग मी ताट घेऊन आलो. दादांच्या पानात चार पट्ट्या, वहिनीसाहेबांच्या दोन, सुमनच्या दोन.

"दादा, डुक्कर आहे. तेलाचा थेंब नाही."

दादांनी चमकून बघितलं. "डुक्कर? बापू, अरे..." पट्टी उचलली आणि तोंडात घातली. कुर्रकन आवाज आला. कुरकुरीत म्हणजे असा, की तिवारीजींनाही ऐकू गेला असेल!

दादा थांबले. जबडा जागच्या जागी थांबला. डोळे मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं.

मी हेलावलो. आबा आठवले त्यांना! शिकार आठवली! साठ वर्षांची चव मी त्यांच्या जिभेवर परत आणली!

"दादा," मी कसंबसं म्हणालो, "आबांची आठवण आली ना?"

दादांनी मान हलवली. हो की नाही ते नीट कळलं नाही, पण मला जे कळायचं होतं ते कळलं.

इकडे वहिनीसाहेब! एक घास घेतला आणि गटागटा एक ग्लास पाणी संपवलं. दुसरा भरला, तोही संपवला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मला राहवेना. मी सकाळपासून धुरात उभा आणि या पाण्याने पोट भरतायत?

"वहिनीसाहेब, पाणी नंतर! आधी खाऊन घ्या!" असं म्हणून मी तो ग्लास उचलून खिडकीत ठेवला.

वहिनीसाहेबांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय. सुमन तिकडून डोळे मोठे करत होती, मानेने काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, वाढा म्हणतेय. वाढलं! दादांना आणखी चार. दादांनी पानावर आडवा हात धरला. तो आग्रहाचा हात, आपल्याकडे असा हात धरतातच, तो बाजूला सारायचा असतो. मी सारला.

"बापू, पुरे."

"पुरे कसं? तीन वर्षांचं राहिलंय!"

मग मी वळून सुमनच्या पानाकडे बघितलं, तिथे दोन्ही पट्ट्या तशाच. पुन्हा डोकं फिरलं. माझ्या भावासमोर माझा अपमान! मी तिला चार शब्द सुनावले, आणि पुन्हा वळलो तर दादांचं पान स्वच्छ! सगळ्या पट्ट्या गायब! बघ, मी सुमनला म्हणालो, बघ, याला म्हणतात कदर. दादा रुमाल खिशात ठेवत होते.

मग तिघं हात धुऊन बसले आणि मी पानावर बसलो. शेवटचा. मानाचा शेवटचा. सुमनने माझ्या पानात उरलेल्या पाच पट्ट्या वाढल्या. तिच्या चेहऱ्यावर मला न कळणारं काहीतरी होतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी एक अख्खी पट्टी घडी करून तोंडात घातली.

काय सांगू! मीठ नव्हतं ते, मिठागर होतं! जीभ आत ओढली गेली, टाळू बधिर झाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत काहीतरी चढलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. थुंकणार कुठे? पानावर बसलेलो, समोर थोरला भाऊ! गिळवेना आणि थुंकवेना.

तेवढ्यात मृणालचा फोन. सुमनने नेमका स्पीकर लावला.

"आई, बाबांनी ऐकूनच नाही घेतलं. त्यात मीठ नका घालू एवढंच सांगायचं होतं. बेकन आधीच मिठात मुरवलेलं असतं. घातलं नाही ना त्यांनी?"

मी पाण्यासाठी हात पुढे केला.

"भाऊजी," वहिनीसाहेब शांतपणे म्हणाल्या, "पाणी नंतर. आधी खाऊन घ्या."

दादांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या पानाशेजारी उलगडला. हळदीने पिवळा झालेला, आत सहा पट्ट्या. म्हणजे दोन मात्र त्यांनी खरंच खाल्ल्या होत्या. चावून. गिळून.

"आबांची आठवण नव्हती आली, बापू," ते म्हणाले. "विहिरीची आली होती."

मी तोंडातलं कसंबसं गिळलं आणि विचारलं, म्हणजे विचारायला गेलो, की मग सांगितलं का नाही? एक शब्द बोलायचा होता! मला असं तोंडघशी का पाडलं? पण बाहेर आली ती नुसती घशातली घरघर. तरी दादांना कळलं. लहानपणापासून ओळखतात मला.

"सांगितलं असतं तर?" दादा म्हणाले. "मागे तुझ्या गुडघ्यांची काळजी केली, तर तीन वर्षं तोंड दाखवलं नाहीस. आज खारट आहे म्हटलं असतं तर आणखी किती गेली असती? माझं वय बहात्तर आहे, बापू. मी विचार केला, त्यापेक्षा मीठ परवडलं."

मी खाली मान घालून बसलो. माणसं मला घाबरून मीठ गिळतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लाज वाटली. अगदी मनापासून लाज वाटली, खोटं का सांगू?

दादा काठी टेकून उठले. "दसऱ्याला ये. त्या आचाऱ्याला नको सांगतो. देग तूच लाव."

माझ्या अंगावर काटा आला. तेच वाक्य! शब्दाला शब्द!

"फक्त मीठ सुमन घालेल," दादा म्हणाले. "आणि चाखून घालेल."

मीठ सुमन घालेल? माझ्या देगेत? चाखून? आजोबांपासूनच्या परंपरेत बाईमाणसाने देगेला हात लावलेला नाही! माझा पारा असा चढला म्हणता! तीन वर्षांपूर्वीपेक्षा दुप्पट चढला. मी ताडकन उठलो, हात उगारला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

एक अक्षर निघेना. जीभ टाळूला चिकटलेली, लाकडासारखी. मी नुसता उघड्या तोंडाने उभा, डोळ्यांतून धारा. मग हात खाली घेतला, आणि दुसरं काही करताच येईना म्हणून मान डोलावली.

दादांनी मला मिठी मारली. वहिनीसाहेबांनी पदर डोळ्यांना लावला. सुमन तर माझ्याकडे बघतच राहिली.

आता सगळ्या धारमध्ये बातमी आहे, की बापू पार बदलला. मिठावरून एवढं बोलले दादा, पण एक शब्द उलटून बोलला नाही. वयाने माणूस निवतो, म्हणतात. चुलते-मावश्या फोन करून कौतुक करतायत. दसरा तोंडावर आलाय, सुमन रोज हातात मीठ घेऊन अंदाज बघतेय, आणि मी तिला काही बोलू शकत नाही.

अहो, बदललो कसला? जीभ संध्याकाळपर्यंत हलत नव्हती हो माझी!